कराटेच्या सरांना विचारलं, तुम्ही कोणाकडे शिकलात?

मंडळी, आज संध्याकाळी जे पाहिलं ते इथे लिहितेय.

माझ्या तन्वीला कराटे शिकायचंय. कर्जतमध्ये एका हॉलबाहेर 'जपानच्या ओकिनावाचं अस्सल पारंपरिक कराटे' असा बोर्ड दिसला, म्हणून आज तिला घेऊन क्लास बघायला गेले.

सर एका नऊ-दहा वर्षांच्या मुलीवर गळ्याची पकड दाखवत होते. पकड घट्ट झाली तशी ती 'सोडा' या खुणेने सरांच्या हातावर थापा मारायला लागली. सरांनी सोडलं नाही. बघता बघता तिची मान कलली आणि ती खाली कोसळली.

मी किंचाळले. तिची आई धावत आली. तोंडावर पाणी मारल्यावर पोरीने डोळे उघडले.

सर चक्क हसले. "काय नाय झालं ताई, सवय व्हायला पायजे."

"तुम्ही स्वतः कोणाकडे शिकलात?" मी विचारलं.

"आता मोबाईलवर सगळं शिकता येतं की!"

तिच्या आईने पोरीला उचललं. "चल गं, आपल्याला नाय शिकायचं." आम्ही रिक्षाने थेट डॉक्टरांकडे गेलो. पोरगी ठीक आहे. पण आम्ही निघालो तेव्हा क्लास पुन्हा सुरू झाला होता.

घरी येताना तन्वीने विचारलं, "मम्मी, ती सोडा सांगत होती ना? मग सरांनी का नाही सोडलं?"



कर्जत-खोपोलीकडे आपल्या गुरूंचं नाव सांगणारे, आणि मुलाने थांबा म्हटलं की थांबणारे कराटेचे सर कुणाला माहीत आहेत का? आणि तुमची मुलं जातात तो क्लास तुम्ही कधी आत बसून पाहिलाय?