भोंगाभाऊंचा राइट बॅक

भोंगाभाऊ फार प्रेमळ होते, असं हल्ली कोणी म्हणालं की माझं डोकं फिरतं. प्रेमळ? ज्यांनी त्यांच्या शिव्या खाल्ल्या नाहीत त्यांनीच असं म्हणावं. माणूस गेला की त्याला साखरेत घोळवायची आपल्याकडे खोडच आहे. भाऊ तापट होते, हेकट होते, आणि त्यांच्या हेक्यापायी माझ्या घराचं जे व्हायचं ते झालं. तरी लिहायला बसलोय, कारण दुसरा कोणी लिहील तर गोडगोड लिहील आणि ते वाचून मला पुन्हा राग येईल.

भाऊ दुर्गच्या रेल्वे यार्डात शंटिंगला होते. इंजिनांच्या वर आवाज चढवून चढवून त्यांचा गळाच तसा झाला होता. मैदानाच्या त्या टोकाला उभे राहून बोलले, तरी या टोकाला गोलात उभ्या असलेल्या मला शिवीसकट सगळं ऐकू यायचं. भिलाईत स्टील प्लांटच्या शिफ्टचा भोंगा वाजायचा आणि घरोघरी लोक त्यावर घड्याळं लावायचे. त्यावरूनच पोरांनी हे नाव पाडलं. त्यांना ते ठाऊक होतं आणि त्याची लाजही नव्हती. एकदा कोणीतरी त्यांना नवीकोरी शिट्टी आणून दिली. भाऊंनी ती उलटसुलट करून पाहिली आणि परत केली. म्हणाले, ‘कायले? माया गळ्याले काय झालं?’

आमचा फुटबॉल संघ दुर्गजवळच्या रसमड्याच्या एका फाउंड्रीचा, ओतकामाच्या कारखान्याचा, आणि भाऊ त्याचे कोच. तेव्हा मध्य प्रदेशच होता, भोपाळ लांब आणि शेठ जवळ. शेठला कपाटात कप मांडायची हौस. त्यानं चांगली खेळणारी पोरं वेचून कामावर घेतली. कागदावर आम्ही हेल्पर. सकाळी थोडा वेळ कारखान्यात उभं राहायचं आणि मग मैदान. पगार खेळाचाच होता, पण सगळे टेम्पररी. शेठनं शब्द दिला होता की टूर्नामेंटची फायनल गाठा, संघातल्या सगळ्यांना पर्मनंट करतो.

हा शब्द माझ्या घरात देवाच्या फोटोशेजारी लावल्यासारखाच होता. वडील प्लांटमध्ये क्लार्क, मूळचे वर्ध्याकडचे. आमचं सगळं आयुष्य सेक्टर ६ च्या क्वार्टरमध्ये गेलेलं, आणि त्यांची रिटायरमेंट तोंडावर आलेली. क्वार्टर सोडावंच लागणार होतं. मी पर्मनंट झालो तर बँक कर्ज देणार आणि दुर्गच्या पद्मनाभपुरात एक छोटं घर होणार, असा सगळा बेत होता. आई ते घर दोनदा पाहून आली होती. देवघर कुठल्या कोपऱ्यात मांडायचं, यावर तिचं नि वडिलांचं भांडणही होऊन गेलं होतं.

भाऊ कोणाची तारीफ करत नसत. ‘तारीफ घरी आईकडून घ्या, मी तुमची आई नाई,’ हे त्यांचं ठरलेलं वाक्य. धो धो गोल करून जिंकून आलो तरी सगळ्यांना गोल बसवायचे, मधोमध स्वतः उभे राहायचे आणि एकेकाची उणीदुणी साऱ्या मैदानाला ऐकू जातील अशी काढायचे. मैदानाकडेला चहाची टपरी होती. टपरीवाल्याला आमच्या संघाचे दोष आमच्यापेक्षा जास्त पाठ होते. माझ्याबद्दल भाऊंचं मत असं की, ‘हात चांगले, तोंड त्याहून चांगलं, मधात डोकं पाह्यजे होतं ते नाई.’

लीगचे सामने संपले तेव्हा आम्ही गटात पहिले होतो. सेमीफायनल आठवड्यावर आली. भाऊंनी सगळ्यांना बसवलं आणि संघाची चिरफाड केली. डावी बाजू आमची ताकद. तिथं थॉमस होता, विंगर; तो चेंडू घेऊन निघाला की त्याच्यामागे धावण्यात अर्थ नसे. मधे स्टॉपर बलबीर. कॉर्नरला त्याचं डोकं सगळ्यांच्या वर निघायचं. गोलात मी, संघाचा गोली, आणि मी बरा होतो, हे मीच सांगतो कारण भाऊंनी कधी सांगितलं नाही. आणि उजवी बाजू? उजवीकडे खिलावन होता.

खिलावन रसमड्याजवळच्याच गावचा, छत्तीसगढी पोरगा. लहानपणापासून अनवाणी खेळलेला, छाती दरवाजासारखी, मनानं सरळ. पण वळायला वेळ लावायचा. भरलेली बैलगाडी वळावी तसा वळायचा. तो अर्धा वळेपर्यंत समोरचा विंगर माझ्या दारात हजर. आणि मग कोण मरणार? मी! दुर्ग-भिलाईतल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं की या संघावर गोल करायचा तर उजवीकडून जा. प्रेक्षकच दुसऱ्या संघाला ओरडून सांगायचे.

खिलावनला बदला, म्हणून मी भाऊंच्या किती वेळा मागे लागलो. त्यांचं एकच उत्तर: ‘कमजोरी लपवाची नसते बे, वाटून घ्या लागते.’ आणि त्यांनी ती खरोखर वाटून टाकली होती. चेंडू उजवीकडे आला की बलबीरनं तिकडे सरकायचं, हाफनं मागे यायचं, मी एक पाऊल तिकडे उभं राहायचं, आणि थॉमससारख्या विंगरनंसुद्धा पार पलीकडून धावत यायचं. एका माणसाचं वळण सांभाळायला दहा जणांच्या पायांचे तुकडे. लीगभर तिकडून गोल झाले नाहीत, हे खरं. पण आमची काय दमछाक व्हायची ते आम्हालाच ठाऊक.

अशात शेठचा मॅनेजर मैदानावर आला आणि म्हणाला, कलकत्त्याहून एक राइट बॅक मागवलाय, नॉकआउटपुरता. त्या काळी ही रीतच होती. लीग घरच्या पोरांनी घाम गाळून खेळायची, आणि शेवटचे सामने आले की बाहेरचे भाड्याचे पाहुणे रेल्वेनं उतरायचे, खेळायचे, पाकीट घेऊन परत जायचे. खिलावन बाहेर बसेल, आणि बाहेर बसणारा पर्मनंट होणार नाही, हेही मॅनेजरनं जाता जाता सांगितलं. आम्हाला वाईट वाटलं का? थोडं वाटलं. पण आतून सगळ्यांच्या मनात दिवाळी. खोटं कशाला बोलू?

भाऊ म्हणाले, नाही. मॅनेजरनं समजावलं, मग दटावलं. भाऊंनी त्याला सांगितलं की मग टीम तूच उभी कर, मी चाललो. ऐन सेमीफायनलला कोच कुठून आणणार? मॅनेजर नमला, पण जाताना म्हणाला की ठीक आहे, तुमच्या मर्जीनं खेळा. मात्र हरलात तर एकानंही कारखान्याच्या गेटवर यायचं नाही. ऐकलंत ना? एकानंही. म्हणजे एका खिलावनसाठी आम्ही सगळेच टांगलेले.

त्या संध्याकाळी मी तडक भाऊंच्या रेल्वे क्वार्टरवर गेलो, चांगलं भांडायच्या तयारीनं. पाहतो तर आत खिलावन आधीच बसलेला. बाबासाहेबांच्या फोटोखाली भिंतीला टेकून, मान खाली. वहिनींनी दिलेला चहा समोर निवून चालला होता. मला वाटलं, मला राहू द्या म्हणून गयावया करायला आलाय. तर तो म्हणत होता, ‘भइया, मोला बइठार देव. मोर खातिर सबके नौकरी झन जाय.’ मला बसवा, माझ्यापायी सगळ्यांच्या नोकऱ्या नकोत जायला. मी मागायला आलो होतो तेच तो स्वतःहून मागत होता.

मला हायसं वाटलं. भाऊ मात्र असे काही भडकले की वहिनी बाहेरच्या खोलीत निघून गेल्या. टीम मी काढतो का तू, असं त्याच्यावर ओरडले. मग मी तोंड उघडलं. वडिलांची रिटायरमेंट, क्वार्टर, बँक, आईचं देवघर, सगळं एका दमात सांगितलं. म्हटलं, ज्याला खेळायचं तोच नको म्हणतोय, तर तुमचं काय जातं? भाऊंनी ऐकून घेतलं. मग आयुष्यात पहिल्यांदा हळू आवाजात बोलले.

‘आज याच्या जागी आणला. उद्या तुया जागी आणतीन. तवा तू कोणाच्या घरी जाशीन?’

‘उद्याचं उद्या पाहू, भाऊ,’ मी म्हटलं. ‘आज माया बापाचं क्वार्टर जाऊन राह्यलं.’

‘जाऊ दे.’

जाऊ दे, म्हणाला हा माणूस! माझ्या बापाचं क्वार्टर, आणि यानं म्हणायचं जाऊ दे. मी चपला घातल्या न घातल्या तसाच बाहेर पडलो. सायकलवर घरी येईपर्यंत मी त्यांना जे जे म्हटलं ते इथं लिहिता येणार नाही.

सेमीफायनल जबलपूरकडच्या एका संघाशी होती. त्यांना कोणी सांगायची गरजच नव्हती. पहिल्या मिनिटापासून ते उजवीकडूनच आले. आणि त्या दिवशी खिलावन जिवावर उदार होऊन खेळला. वळता येत नव्हतं तर वळायची वेळच येऊ देईना, आधीच जाऊन अंगावर घ्यायचा. गुडघे फुटले, ओठ फाटला, एकही चेंडू त्यानं पुढे जाऊ दिला नाही. आणि आम्ही सगळे सवयीनं त्याच्याभोवती गोळा. बलबीर तिकडे, हाफ तिकडे, थॉमससुद्धा तिकडे. शेवटी शेवटी त्यांच्या एका पोरानं मान वर करून पाहिलं आणि चेंडू लांब डावीकडे भिरकावला. डावी बाजू, आमची ताकद! तिथं चिटपाखरू नव्हतं. त्यांचा विंगर एकटा आला, मी पुढे धावलो, त्यानं चेंडू माझ्या बाजूनं ढकलला. एक गोल. तेवढाच. हरलो.

आता गंमत ऐका. गोल डावीकडून झाला, आणि लोकांनी शिव्या कोणाला दिल्या? खिलावनला! इतके दिवस डोक्यात जे भरून ठेवलं होतं तेच त्यांना दिसलं. कोणीतरी चप्पल फेकली. तेव्हा भाऊ मैदानात शिरले, खिलावनच्या पुढ्यात जाऊन उभे राहिले आणि त्या सगळ्या गर्दीच्या सात पिढ्या काढल्या. एकाची छाती झाली नाही परत बोलायची. त्या क्षणी मला भाऊंचा अभिमान वाटला, हे कबूल. पण अभिमानाचं काय करू? बँकेत ठेवू?

मॅनेजर शब्दाचा पक्का निघाला. वाईट शब्द लोक बरोबर पाळतात. गेट बंद झालं ते झालंच. पुढच्या वर्षी शेठचा अख्खा संघ भाड्याचा होता, कलकत्ता, पंजाब, कुठून कुठून आलेला. म्हणजे आम्ही जिंकलो असतो तर शेठनं आम्हाला खरंच ठेवलं असतं की नाही, हे मला आजही कळलेलं नाही, आणि न कळल्याचाच जास्त संताप येतो. वडील रिटायर झाले. क्वार्टर सोडलं. दुर्गला एका भाड्याच्या खोलीत आम्ही बिऱ्हाड मांडलं. पद्मनाभपुरातलं ते घर दुसऱ्या कोणी घेतलं. आईनं पुन्हा कधी त्या रस्त्यानं जायचं नाव काढलं नाही.

मी भाऊंशी बोलणं टाकलं. बाजारात ते दिसले की सायकल वळवायचो. त्यांना काही फरक? छे! मी तोंड फिरवून चाललोय आणि मागून भर बाजारात भोंगा, ‘पोट पाह्य तुयं, पोट! गोली हायेस का हलवाई?’ लोक हसायचे. मी दात-ओठ खात पॅडल मारायचो.

एकेक करत सगळे कुठे ना कुठे लागले. मी दुसऱ्या एका कारखान्यात स्टोअरला, बलबीर ट्रान्सपोर्टमध्ये, थॉमस एका शाळेत पीटीला. खिलावन ठेकेदाराकडे मजुरीला जायचा. वडील वारले त्या सकाळी दारात सगळ्यात आधी तोच उभा होता. मग बाकीचेही आले. भाऊही आले, पण त्या दिवशी त्यांनी तोंडातून शब्द काढला नाही, आणि मीही नाही.

मग भाऊही रिटायर झाले आणि लेकीकडे गोंदियाला कायमचे निघाले. मी जाणार नव्हतो. तरी दुर्ग स्टेशनवर गेलो, म्हटलं, एक हिशेब तोंडावर विचारायचा राहिलाय. फलाटावर पाहतो तर अख्खा संघ उभा. कोणी कोणाला सांगितलं नव्हतं. खिलावन ट्रंक आत चढवत होता. भाऊ खिडकीशी बसून बलबीरला वजन कमी कर म्हणून झापत होते. मी खिडकीचे गज धरले आणि विचारलं, ‘भाऊ, खरं सांगा. आपण हरणार, हे ठाऊक होतं तुम्हाले?’

‘पंधरा आणे ठाऊक होतं.’

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. इतकी वर्षं मला वाटत होतं, यांना जिंकायची आशा तरी होती. ठाऊक होतं? ठाऊक असून? मी बोलणार तेवढ्यात त्यांनी खिलावनकडे बोट केलं.

‘अन् याले बसवून जिंकलो असतो, तर तू आज मले सोडाले आला असता काय?’

गाडी हलली. मी गज सोडले. काही म्हणायला हवं होतं, पण जिभेवर आलं ते सगळं भांडणाचंच होतं, म्हणून गिळलं.

उत्तर आता देतो, भाऊ. नसतो आलो. आमच्यातला कोणीच आला नसता. पण माझी आई त्या भाड्याच्या खोलीतच गेली, आणि ते मी तुम्हाला माफ केलेलं नाही, करणारही नाही. सोडायला मात्र पुन्हा आलो असतो.