चार्ज घेतला म्हणा

भाऊ खुर्चीतून उठायचे तेव्हा त्यांचा डावा हात खुर्चीच्या पाठीवरच राहायचा. चष्मा खिशात गेला, डबा पिशवीत गेला, पायात चप्पल आली, तरी हात तिथेच. पुढच्या पाळीचा माणूस येऊन बसला की भाऊ म्हणायचे, ‘‘चार्ज घेतला म्हणा.’’ नुसती मान हलवून भागायचं नाही. त्याने तोंडाने म्हटलं, की हात निघायचा.

चंद्रपूरच्या वीज केंद्रात मी शिकाऊ इंजिनिअर म्हणून लागले तेव्हा भाऊ बॉयलरच्या डेस्कवर होते. बदली माणूस आल्याशिवाय जागा सोडायची नाही, हा नियम तिथे सगळ्यांनाच होता. पण आपण नियम कसे पाळतो ते तुम्हालाही माहीत आहे. तो नियम अंगात मुरलेला माणूस मी एकच पाहिला.

मी पहिल्यांदा एकटीने डेस्क घेतला ती दुपारची पाळी होती. मी ‘चार्ज घेतला’ म्हणाले, पण ते माझं मलाच ऐकू आलं नाही. भाऊंचा हात हलला नाही. ‘‘पोरी, आवाज नाई आला,’’ ते म्हणाले. मग मी इतक्या मोठ्याने म्हणाले की सगळी कंट्रोल रूम वळून बघायला लागली. भाऊंनी हात काढला आणि मागे न बघता निघून गेले. धडधडता बॉयलर माझ्या हाती देऊन गेले. तेव्हा माझे वडील मला घरची स्कूटरसुद्धा देत नव्हते.

त्यांच्या या शिस्तीची झळ बसायची ती वहिनींना. बदली माणूस उशिरा आला की भाऊ उशिरा घरी. कोणी आलंच नाही तर सलग दोन पाळ्या. वहिनींनी त्यावर आपल्या परीने उपाय काढला होता. भाऊंची पाळी संपायच्या वेळी त्या आणखी एक गरम डबा पाठवायच्या, बदलीला येणाऱ्या माणसासाठी. त्यात बेसनाच्या पातोडीची भाजी असायची. गरम असताना खायची तर वेळेवर येणं भाग होतं. ही उघड उघड लाच होती आणि मी ती वर्षभर आनंदाने खाल्ली. माझी हजेरी इतकी चोख होती की साहेबांनी एकदा सर्वांसमोर माझं कौतुक केलं. भाऊ तेव्हा तोंडावर रुमाल धरून खोकत राहिले.

वहिनींचं मागणं फार मोठं नव्हतं. दिवस मावळायच्या आधी अंगणात बसून दोघांनी एक कप चहा प्यायचा, एवढंच. पण पाळीच्या नोकरीत संध्याकाळ नावाची गोष्ट हाती लागत नाही. पहिल्या पाळीला भाऊ भल्या पहाटे उठून जायचे आणि दुपारी येऊन जे झोपायचे ते दिवे लागेपर्यंत. दुसऱ्या पाळीत संध्याकाळी ते बॉयलरपाशी. तिसऱ्या पाळीला जायचं म्हणून पुन्हा आधी झोप. असं सगळं आयुष्य गेलं.

निवृत्तीनंतर दोघं सावली तालुक्यातल्या आपल्या गावी राहायला गेले. वहिनींना तिथे पहिला आनंद कशाचा झाला असेल? कुरडयांचा. वीज केंद्राच्या कॉलनीत वाळवण घातलं की त्यावर कोळशाची काजळी बसायची. गावातल्या कुरडया पांढऱ्याशुभ्र वाळल्या. त्यातल्या मूठभर त्यांनी मला मुद्दाम पाठवल्या, तळायला नव्हे, बघायला.

पण भाऊंना घरी करमेना. त्याच सुमारास गावाबाहेरच्या पडीक जमिनीवर सौर पॅनेलं उभी राहिली. धानाच्या शेतांना दिवसा वीज मिळू लागली. वाघाच्या मुलखात अंधारात मोटर सुरू करायला जाणं सुटलं, म्हणून गाव खूश होतं. तिथे देखरेखीला माणूस हवा होता. भाऊ जाऊन उभे राहिले. वहिनींनीही हरकत घेतली नाही. ‘‘सूर्याले ओव्हरटाइम नाई,’’ त्या मला फोनवर म्हणाल्या. त्यांच्या हिशेबाने पाच वाजले की माणूस घरी.

पहिल्याच आठवड्यात एक ढग आला. मीटरवरचा आकडा धाडकन खाली पडला आणि भाऊ ताडकन उठून ओरडले, ‘‘ऑइल गन घ्या रे!’’ बॉयलरमधली ज्योत डळमळली की आधाराला तेल फवारतात, त्याचा हा हुकूम. ऐकायला पॅनेलांमधलं गवत कापणाऱ्या दोन बायाच होत्या. त्या विळे हातात घेऊन तशाच उभ्या राहिल्या. ढग गेला, आकडा वर आला, भाऊ खाली बसले. त्यांनीच मला हे हसत हसत सांगितलं. ‘‘म्याडम, आपल्याले काईच करा लागत नाई. ढग गेला का आपोआप येते. मले लय अवघड वाटून राह्यलं.’’

त्याहून अवघड गोष्ट संध्याकाळची होती. पाच वाजता नोकरी संपायची, पण पॅनेलं दिवस बुडेपर्यंत थोडी थोडी वीज देत राहायची. बदलीला कोणी येणार नव्हतं. मग चार्ज कोणाला द्यायचा? भाऊंनी तोड काढली. शेवटचा आकडा शून्यावर आला की ते आमच्या कंट्रोल रूमला फोन लावायचे. ‘‘जय भीम, म्याडम. इकडे शून्य झालं. आता भार तुमी उचला. चार्ज घेतला म्हणा.’’

मी म्हणायचे. सुरुवातीला आमच्याकडे सगळे हसायचे. आमचं युनिट नुसतं जरा डगमगलं तरी भाऊंच्या सौर शेताएवढी वीज इकडची तिकडे होते. पण सूर्य काही एकट्या सावली तालुक्यात मावळत नव्हता. राज्यभर अशी शेतं उभी राहिली होती. दुपारी आम्हाला कोळसा कमी करा म्हणून निरोप यायचा आणि संध्याकाळ झाली की सगळा भार पुन्हा आमच्या अंगावर. हळूहळू डेस्कवरची मुलं विचारू लागली, ‘‘भाऊचा फोन आला का?’’ तो आला की सगळे खुर्च्या पुढे ओढून बसायचे.

तिकडे वहिनींचा चहा मात्र गार होत होता. कोळसा गेला, सूर्य आला, तरी नवरा अंधार पडल्यावरच घरी. सूर्यच त्याला सोडत नव्हता.

मग तिथे बॅटरी आली. मालमोटारीवरून उतरवलेली, खोलीएवढी पांढरी पेटी. दिवसा भरून घ्यायची आणि पाचच्या पुढे गावाचे दिवे आणि नळाची मोटर तिने चालवायची. आता तुम्ही पाचला जात जा, असं तिथल्या साहेबांनी भाऊंना सांगितलं. भाऊ त्या पेटीशेजारी खुर्ची टाकून अंधार पडेपर्यंत बसायला लागले. आम्हाला फोन करणंही चालूच.

एका रविवारी मी गेले. वहिनींनी अंगणात दोन खुर्च्या आणि मधे स्टूल मांडलं होतं. मला बसवत त्या म्हणाल्या, ‘‘मी दागिने नाई मांगून राह्यली. एक कप चहा मांगून राह्यली.’’ त्या हसत म्हणाल्या, पण मला मनापासून वाईट वाटलं.

मी पॅनेलांकडे गेले तेव्हा भाऊ पेटीच्या दारावर डावा हात ठेवून उभे होते. अगदी तसाच हात.

‘‘हे बोलत नाई, म्याडम,’’ ते म्हणाले. ‘‘चार्ज घेतला का नाई, माणसाले समजन कसं?’’

‘‘भाऊ, पहिल्या दिवशी माझाही आवाज आला नव्हता.’’

‘‘पण तू दुसऱ्यांदा बोलली.’’

 आम्ही उभे राहिलो. सावल्या लांब झाल्या, मीटरवरचा आकडा उतरला, आणि तेवढ्यात भार अंगावर घेत पेटीच्या आतले पंखे घरघरत सुरू झाले. भाऊंनी दाराला कान लावला. बॉयलरचा आवाज ऐकायचे तसेच डोळे मिटून ते बराच वेळ ऐकत राहिले. मला चंद्रपूरची गाडी गाठायची होती. मी निघाले तेव्हाही हात दारावरच होता, म्हणून मी जरा खट्टू होऊनच परतले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी डेस्कवर मीच होते. भाऊंच्या फोनची वेळ झाली. फोन वाजला नाही. मुलं एकमेकांकडे बघू लागली. माझ्या मनात नको ते येऊन गेलं आणि मीच फोन लावला. वहिनींनी उचलला.

‘‘ते इथीच हाय,’’ त्या म्हणाल्या. ‘‘चहा पिऊन राह्यले. उजेड हाय अजून.’’

मागे बशीत कप ठेवल्याचा आवाज आला. भाऊंना फोन देऊ का, असं त्यांनी विचारलं. मी नको म्हणाले. ‘‘फक्त चार्ज घेतला म्हणून सांगा.’’

त्या दिवसापासून आमचा फोन त्या वेळेला वाजत नाही. फोन वाजला नाही की मुलं खुर्च्या पुढे ओढतात, आणि आम्ही भार उचलतो.