नुसत्या नावानं

आण्णा गेल्याची बातमी मला कंपनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कळली, आणि वाचून आधी दुःख झालं नाही, गोंधळच झाला. एचआरवाल्यांनी लिहिलं होतं, 'आपला उत्तम आज आपल्यात नाही.' खाली ऑपरेटरांचे मेसेज पडायला लागले... 'कोण उत्तम?' 'कुठल्या प्लँटचा?' कुरकुंभच्या त्या केमिकल कंपनीत ज्याला वॉचमनपासून कँटीनवाल्यापर्यंत सगळे आण्णा म्हणत, त्याचं मरण सांगितलं तर माणूस कुणाला ओळखूच येईना. मग एकानं लिहिलं, 'आरं, आपलं आण्णा गेलं.' तेव्हा कुठं मला स्टोअरमध्ये कळलं, कोण गेलं ते. छातीत दुखतंय म्हणून त्याला ड्यूटीवरूनच दौंडच्या दवाखान्यात नेत होते, वाटेतच सगळं संपलं. महिना होऊन गेला. दुःख निवळत चाललंय, शिसारी मात्र निवळत नाही, म्हणून लिहायला बसलोय.

आण्णा, म्हणजे उत्तम, माझा शाळेपासूनचा दोस्त. आम्ही निमोण्याच्या बौद्धवस्तीत वाढलो. त्याचे वडील लवकर गेले, तेव्हा काशिनाथमामांनी, त्याच्या आईच्या भावानं, त्याला आपल्या घरी आणलं, शिकवलं आणि स्वतः ऑपरेटर होते त्याच प्लँटमध्ये चिकटवलं. पुढं भाचा शिफ्ट इन्चार्ज झाला, मामा त्याच्या हाताखाली आले, पण दोघांनाही त्याचं काही वाटलं नाही. शिफ्ट बदलताना आण्णा मामांच्या मशीनपाशी यायचा आणि पहिलं वाक्य ठरलेलं असायचं, "मामा, जेवलात का?" मामा म्हणायचे, "जेवलो रं, उत्त्या," आणि मगच मशीनचं रीडिंग सांगायचे. ते ऐकून ऐकून सगळा प्लँटच त्यांना मामा म्हणायला लागला, अगदी साहेबलोकसुद्धा.

मग मॅनेजरची जागा निघाली. अट अशी, की शिरूरजवळच्या ट्रेनिंग सेंटरला आठवडाभर राहून आधी 'लीडर' होऊन यायचं. स्टोअरमधून मलाही पाठवलं. काय थाट होता तिथला! माळावर हिरवंगार लॉन, खोल्यांना 'विश्वास', 'धैर्य' असली नावं, आणि प्रत्येकाच्या गळ्यात पट्टा, त्यावर नुसतं पहिलं नाव. पांढरे बूट घातलेला ट्रेनर पहिल्याच तासाला म्हणाला, "इथं कुणी सर नाही, कुणी दादा-मामा नाही. ओन्ली फर्स्ट नेम! हीच खरी समता." फरशी पुसणाऱ्या बाईच्या गळ्यात मात्र पट्टा नव्हता. तिला हाक मारताना ह्याला बरोबर नातं आठवायचं, "ए मावशी, इकडं पूस!" मला तिथंच ह्याची समता कळली. पण आण्णाचं तसं नव्हतं. समता हा शब्द आम्ही विहारात मांडी घालून शिकलेला, तो कुणी थापा मारायला वापरत असेल हे त्याच्या मनातच येईना. ताट धुताना मला म्हणाला, "लेका, बरोबरच बोलतोय ह्यो. ल्हान-मोठा पायजेच कशाला?" मी म्हटलं, "आन् मामांना काय म्हणशील?" तो ताट घासत राहिला.

शेवटची परीक्षा प्लँटमध्येच होती. ट्रेनर शिफ्ट बदलताना येऊन उभा राहिला. 'जेवलात का'मध्ये वेळ जातो, हे त्यानं आधीच बजावलं होतं. आण्णा मामांसमोर गेला, एकदा ट्रेनरकडं बघितलं आणि म्हणाला, "काशिनाथ, रीडिंग सांग."

सगळे ऑपरेटर बघत होते. मामांनी हातमोजे काढले आणि शांतपणे म्हणाले, "सांगतो साहेब." ट्रेनरनं अंगठा वर केला. जळ्ळा मेला तो अंगठा! आण्णा मॅनेजर झाला.

दुसऱ्या दिवसापासून तो पुन्हा "मामा, जेवलात का?" विचारायला लागला. उत्तर यायचं, "जेवलो साहेब." मामांच्या घरी गेला तर ते खुर्ची पुढं सरकवायचे, "बसा साहेब, च्या घेता का तुम्ही?" ज्याला कडेवर खेळवलं त्याला तुम्ही! आण्णानं पाय धरले, तर म्हणाले, "उठा, कपडे खराब व्हतील." मी मामांना समजवायला गेलो. ते म्हणाले, "माझ्या आज्याला गावात काश्या म्हणून हाळी द्यायचे. शेंबडी पोरंबी. त्याचंच नाव मला ठिवलं, आन् आयनं मास्तरला सांगितलं, पोराचं नाव पुरतं घ्या. कंपनीत साहेबलोक मामा म्हणाय लागले, तवा वाटलं, फिटलं समदं... आन् नुसत्या नावानं हाक मारली कुणी? आपल्याच पोरानं." आण्णा कँटीनमध्ये मला म्हणायचा, "मॅनेजर कसला रे... मामांनी एकदा उत्त्या म्हणावं, बास." ते त्याला ऐकायला मिळालं नाही.

तो गेल्यावर त्या सेंटरनं शोकसभा ठेवली. शोकसभा म्हणायचं नव्हतंच म्हणा, 'सेलिब्रेशन' म्हणायचं होतं. कॉफी होती, बिस्किटं होती. 'धैर्य' खोलीची पाटी काढून तिथं 'उत्तम' अशी पाटी लावली आणि टाळ्या वाजवल्या. मेलेल्या माणसाला टाळ्या! त्याच्या बायकोच्या हातात त्याच्या गळ्यातला तो पट्टा फ्रेम करून दिला. थू! मग तोच पांढऱ्या बुटांचा ट्रेनर मामांकडं वळला, "काशिनाथ, तू काही शेअर करशील?" मामा उठले. त्या पाटीपाशी गेले. म्हणाले, "मला मामा म्हणायचा त्यो... तुम्ही शिकवायच्या आधी." आणि चपला घालून बाहेर निघून गेले. कुणाला टाळ्या वाजवायचं सुचलं नाही.

परवा सामान द्यायला प्लँटमध्ये गेलो होतो. शिफ्ट बदलत होती. नवा इन्चार्ज मशीनपाशी आला आणि सरळ म्हणाला, "मामा, रीडिंग?" मामांचं त्याच्याकडं लक्षच नव्हतं. त्याला वाटलं, मशीनच्या आवाजात ऐकू गेलं नसेल. तो पुन्हा विचारणार तेवढ्यात शेजारच्या ऑपरेटरनं त्याचा दंड दाबला. मामा नव्या इन्चार्जच्या खांद्यामागं, आण्णा उभा राहायचा तिथं बघत होते.

"जेवलो रं, उत्त्या," ते म्हणाले. आणि मग रीडिंग सांगितलं.