स्टार्टरची तोडलेली वायर

कुपवाडला एमआयडीसीच्या तोंडाशी माझं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान आहे. हॉर्न, लाइट, सेल्फ ही रोजची कामं. मधूनमधून कुणीतरी गाडीला सायरनवाली सिक्युरिटी सिस्टीम बसवून घ्यायला येतं. येणारा माणूस बहुतेक चोरांच्या भीतीनं येतो. पलूसचा तो द्राक्षबागायतदार आला, तेव्हा मीही त्याला तेच विचारलं, की तुमच्याकडं चोऱ्या वाढल्यात का.

तो मला गाडीच्या मागं घेऊन गेला. आत त्याचे वडील बसले होते, त्यांना ऐकू जाऊ नये म्हणून.

"चोर न्हाई ओ मिस्त्री. आण्णा हायत. डोकं चालत न्हाई आता त्यांचं. कवाबी गाडी काढत्यात आन् निघत्यात. मागं तासगावात सापडले. गाडी उलट्या बाजूनं चालली हुती."

"मग किल्ली काढून घ्यायची."

"घेतली की. जेवायचं सोडलं. सगळं आयुष्य मिलिटरीत गाडी चालवली, रिटायर झाल्यावर ही घेतली. एक किल्ली कायम खिशात. ती काढली तर माणूस कोपऱ्यात बसतोय भिंतीकडं तोंड करून. म्हणून म्हटलं, किल्ली राहू दे खिशात, पर गाडी सुरूच व्हायला नको."

गाडी जुनी, डिझेलची. असलं काम मी डोळे मिटून करतो. पण आण्णा गाडीतून उतरायला तयार होईनात. ते शेजारच्या सीटवर सरकले आणि मी स्टिअरिंगखाली आडवा होऊन, वर डोकं घालून कामाला लागलो. आण्णांच्या डोक्यावर पांढरी टोपी, स्वच्छ दाढी केलेली. माझ्या प्रत्येक हालचालीकडं ते वाकून बघत होते.

"अर्थिंग घासून घे रं. रंगावर धरत न्हाई."

"व्हय आण्णा."

मी पत्रा घासला. बॅटरीकडून फ्यूज घालून लाइन आणली, दाराच्या स्विचला वायर जोडली, सायरन बॉनेटखाली बसवला. शेवटी राहिली स्टार्टरची वायर. किल्ली फिरवली की हिच्यातूनच करंट इंजिनाकडं जातो. ती मधोमध तोडून दोन्ही टोकं रिलेला जोडायची, म्हणजे रिमोटनं परवानगी दिल्याशिवाय सेल्फ लागत नाही. मी पक्कड लावली आणि वायर तोडली.

"ती कशाला तोडलीस?" आण्णांनी लगेच विचारलं.

"रिले बसवतोय."

"कशासाठी?"

"चोरांसाठी, आण्णा."

ते तोडलेल्या टोकांकडं बघत म्हणाले, "बरं केलंस. हल्ली कुणावर भरवसा न्हाई."

आण्णांचा मुलगा दुकानाच्या दारात उभा होता. त्यानं मान फिरवली. मी टेप गुंडाळत राहिलो, पण ती नीट गुंडाळली जाईना. गाडी गेल्यावर पुढच्या गिऱ्हाइकाचं काम हातात घेतलं आणि दोनदा फ्यूज उडवला.

थोड्याच दिवसांनी सकाळी मुलाचा फोन आला. मागून सायरन ऐकू येत होता आणि बायकांचे आवाज. "मिस्त्री, तुमी या. हा भोंगा काढून टाका."

मी दुकान उघडलंच नाही. तासगावावरून पलूसला पोचेपर्यंत सायरन बंद झाला होता, पण आण्णा गाडीतच होते. दार उघडल्यावर सायरन वाजला, तो कुठून वाजतोय ते त्यांना कळेना. दोन्ही हातांनी स्टिअरिंग घट्ट धरून ते बसून राहिले होते. धोतर ओलं झालं होतं. सून दाराशी वाकून हळूहळू बोलत होती, "आवं आण्णा, काय न्हाई झालं. उतरा. पाणी तापवलंय." शेजारपाजारची माणसं कुंपणाशी उभी होती. तिनं वळून त्यांच्याकडं बघितलं, तशी ती पांगली.

मी सायरन काढला. त्याच्या जागी दुसरा रिमोट दिला. गाडीचं दार उघडलं की तो खिशात नुसता थरथरतो, आवाज नाही. सून म्हणाली, "हे बरं." मला मात्र बरं वाटेना. परतताना उगाच गाडी पळवत होतो. घाई काहीच नव्हती.

नंतर कितीतरी दिवस काही कळलं नाही. फोन वाजला की मला पलूसच आठवायचं. दुसऱ्या गाडीच्या डॅशबोर्डखाली घुसलो, तरी शेजारच्या सीटवरून कुणीतरी वाकून बघतंय असं वाटायचं. बायको म्हणाली, "एवढं काय त्यात? गाड्या काय पहिल्यांदा करताय का?"

मग एका दुपारी पुन्हा फोन आला. "मिस्त्री, गाडी न्हाई. आण्णा न्हाईत. सुरू कशी झाली वो?"

नवरा-बायको दोघंही बागेत औषध मारत होते. रिमोट मुलाच्या शर्टात आणि शर्ट शेडमध्ये खुंटीला. मी मोटरसायकल काढली. रस्त्यानं एकच विचार होता, की रिले बिघडला असेल, तर यात माझा हात आहे. उसाचा ट्रॅक्टर आडवा आला की मी हॉर्नवरचा अंगठा काढत नव्हतो.

मी पोचलो आणि तेवढ्यात सुनेचा फोन वाजला. औंधवरून कुणी नारळवाला बोलत होता. तिनं आण्णांच्या टोपीच्या आतल्या बाजूला घरचा नंबर दोऱ्यानं भरला होता, तो वाचून त्यानं फोन लावला होता. म्हातारा सुखरूप होता.

शेजाऱ्याच्या जीपमधून कडेगाव, पुसेसावळी करत आम्ही औंधला गेलो. यमाईच्या डोंगराच्या पायथ्याशी गाडी रस्त्याच्या कडेला नीट उभी होती. चाकाला दगड लावलेला होता. आण्णा नारळवाल्याच्या बाकड्यावर बसून चहा पीत होते. मुलगा बॉनेटवर हात टेकून नुसता उभा राहिला.

मी स्टिअरिंगखाली वाकून बघितलं. रिले बिघडला नव्हता. स्टार्टरच्या वायरीची दोन्ही टोकं रिलेमधून ओढून काढलेली, एकमेकांत पीळ देऊन जोडलेली, आणि वर प्लॅस्टिकच्या पिशवीची पट्टी गच्च गुंडाळलेली.

"कुणीतरी सेल्फची वायर तोडली हुती," आण्णा मला म्हणाले. त्यांनी मला ओळखलं नव्हतं. "मी जोडून घेतली. तू कोण?"

"मी वायरिंगचं काम करतो, आण्णा."

"मग तू असतास तर लवकर झालं असतं."

"इकडं कशाला आलात?" मुलानं विचारलं.

त्यांनी डोंगराकडं बघितलं, मग कपाकडं. "आलो," एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मुलानं सांगितलं, रिले असा लपवा की बापाला सापडणार नाही. मी तो इंजिनाच्या खालच्या अंगाला, वायरींच्या जाड जुडग्यात नेऊन पुरला. काम चाललं असताना सून तिथंच उभी होती. ती नवऱ्याला म्हणाली, "लपवा खुशाल. पर त्यांना नुसतं बसवून ठिवू नका. मला गाडी शिकायची हाय. आण्णांनी शिकवावी."

आणि आण्णांनी शिकवली. मळ्याच्या रस्त्यावर ती स्टिअरिंगवर आणि ते शेजारी. मुलगा फोनवर सांगायचा, "क्लच सोडायला चुकली की मिलिटरीतल्यागत वरडत्यात. जेवण वाढलंय त्यांचं." द्राक्षाचा सगळा हंगाम तसा गेला. सून पलूसच्या बाजारापर्यंत गाडी न्यायला लागली.

पुढच्या थंडीत मुलगा एकटाच दुकानात आला. म्हणाला, "मिस्त्री, ती सिस्टीम काढा सगळी."

"आण्णा?"

"हायत की. पर आता गाडी वळखत न्हाईत. परवा तिनं दार उघडून धरलं, तर म्हणाले, कुणाची हाय? दुसऱ्याच्या गाडीत कशाला बसायचं? किल्लीबी त्यांनीच हातात दिली तिच्या. रस्त्यात पडल्याली घावली म्हणाले."

मी गाडीखाली शिरलो. रिले काढला, स्टार्टरची वायर कथिलाचा डाग देऊन सांधली, वर स्लीव्ह चढवली. दारांच्या, बॅटरीच्या, सगळ्या जादा वायरी ओढून काढल्या. मुलगा आत बसला, किल्ली फिरवली, गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली. त्यानं माझ्याकडं बघून मान हलवली आणि तो गेला.

दुकानासमोर दुसरी गाडी केव्हाची थांबली होती, तिचा मालक घड्याळ बघत होता. मला बसवेना. "आलोच," म्हणून मी हात न धुताच रस्त्याला लागलो. कारखान्यांची शिफ्ट सुटली होती, दुचाक्यांची रांग लागली होती. तिच्या कडेकडेनं मी नाक्यापर्यंत गेलो, परत आलो, पुन्हा गेलो.