ताईचं प्रकरण

वर्तमानपत्राच्या ऑफिसात तिला सगळे ‘का बाई’ म्हणत, कारण बातमी हातात पडली की तिचा पहिला शब्द ‘का?’ असे. सुरुवातीची काही वर्षं तिने पालिकेच्या बैठकांच्या बातम्या केल्या. मग एका रविवारी जाहिरात आयत्या वेळी रद्द झाली, पानावर जागा रिकामी राहिली आणि संपादक म्हणाले, “काहीतरी खरडून द्या, पण वाचणाऱ्याला जांभई येता कामा नये.”

तिने जांभईवरच लिहिलं. एकाला आली की दुसऱ्याला का येते, एवढंच. लोकांना ते इतकं आवडलं की सदरच सुरू झालं. उचकी, गुदगुल्या, घोरणं. दवाखान्यात नंबर लावून बसलेली माणसं ते एकमेकांना वाचून दाखवायची.

सदराची पुस्तकं झाली. तिसरं पुस्तक आवाजावर होतं, आणि त्यातलं एक प्रकरण तिच्या थोरल्या बहिणीच्या अडखळत बोलण्यावर. ताईचं चष्म्याचं दुकान होतं. गिऱ्हाइकासमोर ती ‘प’वर कशी अडते, मान कशी झटकते, सगळं हुबेहूब उतरलं होतं. ताईला विचारायचं मात्र तिने टाळलं होतं. पुस्तक धडाधड खपलं. एक गृहस्थ तर ते काखेत घेऊनच दुकानात आले आणि ताई कधी अडखळते याची वाट बघत उभे राहिले.

त्या संध्याकाळी ताई बहिणीकडे गेली. चहा नको म्हणाली.

“मी क-कशी बोलते ते लिहिलंस. काय बोलते, ते एक वाक्य तरी आहे का त्यात?”

का बाईने पानं चाळली. नव्हतं.

“काढून टाकू?”

“आता काय उपयोग? नीट ल-लिही.”

दुसऱ्या आवृत्तीसाठी ती रोज दुपारी दुकानात बसू लागली. ताईचं वाक्य मध्येच पुरं करायची सवय मोडणं तिला फार जड गेलं. शाळेत उत्तर येत असूनही ताई गप्प बसायची, हे तिला तेव्हा कळलं. प्रकरण दुप्पट झालं. प्रकाशक कुरकुरला, वाचकांना पहिल्यासारखी मजा आली नाही, आणि आवृत्ती रेंगाळत खपली.

ताईने ती दुकानातच वाचून काढली.

“इथे मी एवढं ग-गोड बोलले नव्हते,” ती एका ओळीवर बोट ठेवून म्हणाली.

तिसऱ्या आवृत्तीत ती ओळ बदलली आहे.