चतुरामावशीचा प्याला

चतुरामावशी भडकली की जालन्याच्या मिशन बोर्डिंगाची कौलं हालायची. मी नंदा, तिच्या हाताखाली तेरा वर्षं भाकरी थापल्या, म्हणून हक्कानं सांगते. पण प्रभुभोजनाच्या आदल्या दिवशी ती बिलकुल गप. मनुके निवडायची, भिजवायची, फडक्यातून रस गाळायची. अन् रविवारी मिशनच्या देवळात, येशूच्या रक्ताची खूण म्हणून, तो रसाचा प्याला बायकांत हातोहात फिरत जवळ आला की ही बया उठून बाहेर! एकदाबी ओठाला लावला न्हाई.

एकदा मी चिडूनच इचारलं, "मावशे, एवढं करतीस, मंग प्यायला काय धाड भरलीय?"

चूल फुंकता फुंकता बोलली, "मानमोडीच्या साथीत वाटूरला माझी सासू तापानं फणफणल्ती. पाणी दे, पाणी दे करून राह्यल्ती. मी भ्याले, लेकरू उचललं अन् पळाले. परत आले तवा ती गेल्ती. ज्या हातानं पाणी दिलं न्हाई, त्या हातानं प्याला कसा धरू? आधी पुरी चांगली होऊ दे मला. असला डाग घेऊन देवापुढं न्हाई जायची मी."

माणूस आपल्या जोरावर पुरा होत न्हाई, येशू त्याला पुरा करतो, असं पाळकसाहेबांनी शंभरदा सांगितलं. पण पालथ्या घड्यावर पाणी! चांगली व्हायचं म्हणून मावशी महिनाभर शिव्या गिळायची, मंग दूध उतू गेलं की पाच-सहा एकदम सुटायच्या. "झालं, पुन्हा पहिल्यापासून," म्हणून रडत बसायची. लई जीव तुटायचा माझा.

नाताळाच्या आधी आंधळ्या झुंबरबाईची लेक मंठ्याला गेल्ती. दर खेपी तीच म्हातारीला प्याला पाजायची. त्या रविवारी म्हातारी मावशीशेजारी बसली. माझ्याकडून प्याला घेतला अन् तिचे हात लटलटा कापायला लागले. रस लुगड्यावर सांडला. बाहेर निघालेली मावशी मटकन खाली बसली. एका हातानं म्हातारीची मान धरली, दुसऱ्यानं प्याला तोंडाला लावला. "हळू घे, माय, हळू."

म्हातारी दोन घोट प्याली. मंग चाचपत मावशीचा हात तिच्याच तोंडाकडं लोटला. "आता तू घे गं. लई हाय अजून."

मावशीनं माझ्याकडं पाह्यलं. डोळ्याला धारा. "नंदे, मी अजून चांगली झाले न्हाई गं."

"न झालीस तर न झालीस! पी!" मी भर देवळात वरडले.

अन् ती प्याली.