मामांची ताठ मान

डॉक्टरांचं ऐकावं कसं, हे जगात एकट्या आमच्या सासऱ्यांना कळतं. आम्ही सुना त्यांना मामा म्हणतो. डॉक्टर बोटभर सांगतात, मामा हातभर पाळतात. खोकल्यात "कमी बोला" म्हटलं, तर मामांनी आठ दिवस दिंद्रुडचं किराणा दुकान नुसत्या खुणांवर चालवलं. साखर मागणारे मीठ घेऊन गेले, पण मामांनी तोंड उघडलं नाही. "रोज थोडं चाला" म्हटलं, तर शेजारच्या गावी पोचले आणि तिथून न्यायला या म्हणून फोन केला.

अशा माणसाला बीडच्या डॉक्टरांनी सांगितलं, की मोतीबिंदू पिकलाय, शिवाय पूर्वी कधी तराजूची दांडी लागली होती, तिनं डोळ्यातलं भिंग जागेवरून सरकलंय. त्याला धरणारे धागे एका बाजूनं तुटलेत. ऑपरेशन फार जपून करावं लागेल, आठ दिवसांनी या. मामांचा दुसरा डोळा लहानपणीच गेलेला. घरी येताच त्यांनी जाहीर केलं, की भिंग धाग्यावर लोंबतंय, मान वाकली की पडलंच. झालं, मान ताठ. झोप तक्क्याला टेकून, बसल्या बसल्या. शिंक नको म्हणून मिरचीचं पोतं शेजाऱ्याच्या ओसरीत. भेटेल त्याला वाकून 'शरणार्थी' असा आम्हा लिंगायतांचा नमस्कार करणारा हा माणूस कपिलधारला देवापुढेही खांबासारखा उभा राहिला, आणि वाकायचं ऑपरेशननंतर बघू, असं देवाला मोठ्यानं सांगून आला. आम्ही पोट धरून हसायचो.

एका दुपारी मी चहा दिला, तेव्हा मात्र ते हळूच म्हणाले, "दिसंना झालं तर मी बसून ऱ्हाईन. पर माझं सगळं तुला करावं लागंल की गं, सूनबाई." त्यानंतर मला हसता येईना.

ऑपरेशन बराच वेळ चाललं. आत आधाराला बारीकसं कडं बसवून नवं भिंग ठेवलं, असं डॉक्टर म्हणाले. दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टी काढायची होती. मी बीडलाच बहिणीकडे उतरले होते, तिथून धावतपळत गेले. पट्टी निघाली. "दिसतंय का?" डॉक्टरांनी विचारलं. वाकायला बंदी होती, म्हणून मान ताठ ठेवून मामांनी फक्त नजर खाली नेली, पार फरशीपर्यंत.

"सूनबाई, तुझ्या दोन पायांत दोन तऱ्हेच्या चपला हायत की."

मी पाहिलं. एक माझी, एक बहिणीची. डॉक्टर हसले, नर्स हसली. मामा तेवढे हसले नाहीत.

"एवढी कावून घाबरलीस गं?" ते म्हणाले.

लग्न होऊन इतकी वर्षं झाली, त्यांच्यासमोर मी कधी रडले नव्हते. त्या सकाळी रडले, आणि ते त्यांना अगदी स्पष्ट दिसत होतं.